गाडी लागते की धूर?
जुन्या गाडीच्या डिकीचे रबर बदलण्याचे काम वाटते तितके किरकोळ नाही

आमच्या सासूबाईंचे माहेर भंडाऱ्याचे. सुपेल्याहून निघाले की दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली असा सुमारे दोनशे किलोमीटरचा सरळ रस्ता. पण घरच्या गाडीने माहेरी जायचे म्हटले की आदल्या दिवसापासूनच त्यांचा चेहरा उतरायचा. मागच्या सीटवर बसल्या की राजनांदगाव यायच्या आत त्यांचे डोके दुखू लागे आणि साकोलीपर्यंत मळमळ सुरू होई. लिंबू, आले, आवळासुपारी असे सारे उपाय करून झाले. शेवटी त्यांनीच निर्णय दिला, "मला गाडी लागते. तुम्ही सगळे गाडीने जा, मी आपली रेल्वेने येईन." पुढे तेही बंद झाले. सासूबाईंचे माहेरी जाणेच थांबले.

गाडी म्हणजे सासऱ्यांनी 1986 मध्ये नंबर लावून घेतलेली पांढरी अॅम्बेसेडर. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील नोकरीची ती त्यांची सर्वांत मोठी कमाई. याच गाडीतून माझे पती शाळेत गेले, नणंदेची पाठवणी झाली आणि मी लग्न होऊन या घरात आले. पण अलीकडे डिकीत पाणी साचू लागले होते. पावसाळ्यात ठेवलेली पिशवी ओली निघे, गाडीत कुबट वास येई. "आता विकून टाकू," असे मुलगा म्हणे आणि सासरे उठून अंगणात निघून जात.

एका रविवारी गाडी पाहायला आलेल्या मेकॅनिकजवळ मी सासूबाईंच्या त्रासाचा विषय सहज काढला. त्याने डिकी उघडली, कडेच्या रबरावरून बोट फिरवले. बोटाला काळा चुरा लागला. हसून म्हणाला, "भाभीजी, अम्माजी को गाड़ी नहीं लगती, धुआँ लगता है."

धूर आत येतो कसा?

गाडी वेगाने पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. सायलेन्सरमधून निघालेला धूर सगळाच मागे राहत नाही. काही भाग गाडीच्या पाठीलाच घुटमळत राहतो. डिकीच्या कडेला फट असेल तर तो डिकीत शिरतो आणि मागच्या सीटच्या पाठीमागून बैठकीत येतो. पुढे बसणाऱ्याला फारसे जाणवत नाही, त्रास होतो तो मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला प्राणवायू कमी पडतो. सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोकेदुखी, चक्कर, मळमळ. म्हणजे थेट गाडी लागल्यासारखीच! त्यामुळे घरातील कोणालाच संशय येत नाही. मात्रा वाढली तर माणूस बेशुद्ध होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो.

जुन्या पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत धोका अधिक. धुरातील विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपल्याकडे 1995 मध्ये प्रथम चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्यांत ते नाहीच.

म्हणूनच लग्नसराईत किंवा घर बदलताना डिकी सामानाने ठासून भरायची, झाकण लागत नाही म्हणून दोरीने बांधायचे आणि तसेच शंभर किलोमीटर जायचे, ही आपल्याकडची पद्धत फार घातक आहे. काचा उघड्या ठेवल्या म्हणजे झाले, असेही समजू नका. उघड्या काचांमुळे काही वेळा मागचा धूर उलट अधिकच आत ओढला जातो. प्रवासात एकापेक्षा अधिक जणांचे डोके दुखू लागले आणि खाली उतरून मोकळ्या हवेत बरे वाटले, तर ते नुसते गाडी लागणे नव्हे, असा संशय घ्यावा. गाडी थांबवून सर्वांना खाली उतरवावे. कोणाला गुंगी येत असेल तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

रबर का मरते?

झाडाच्या चिकापासून मिळणारे रबर गंधकाबरोबर तापवले की टिकाऊ आणि लवचीक होते, हा शोध अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये लागला. तरीही अशा रबराला हवेतील ओझोन, ऊन आणि उष्णता हे तीन शत्रू राहतातच. ओझोन रबराच्या लांब साखळ्या तोडतो. ताणलेल्या जागी बारीक भेगा पडतात. शिवाय वर्षानुवर्षे झाकणाखाली दबून रबर चपटे होते आणि परत फुगत नाही. भिलाईत उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर जातो, त्यानंतर जूनच्या मध्यापासून पावसाची झड लागते. उघड्यावर उभ्या गाडीचे रबर इथे लवकर म्हातारे झाले तर नवल नाही.

रबर गेले की पाणी आत येते आणि पाणी आले की गंज आलाच. 1959 पासून ज्या गावाच्या भट्ट्यांतून लोखंड वाहते आहे, त्या गावाला गंज म्हणजे काय हे सांगायला नको. डिकीचा पत्रा आतून खाल्ला गेला की रंगाने झाकता येत नाही. अॅम्बेसेडरचे उत्पादन 2014 मध्येच बंद पडले, त्यामुळे जुना पत्रा वाचवण्यातच शहाणपण.

आधी खात्री करा

डिकीत पाणी दिसले की दोष रबराचाच, असे नाही. मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून, मागच्या काचेच्या रबरातून किंवा पत्र्याच्या सडलेल्या जोडातूनही पाणी येते. तेव्हा या सोप्या परीक्षा करून पाहा.

कागदाची परीक्षा: वर्तमानपत्राची पट्टी रबरावर ठेवून डिकी बंद करा आणि पट्टी ओढा. अडखळत निघाली तर रबर ठीक, अलगद सरकली तर तिथे फट आहे. अशी वीतवीतभर अंतरावर चारी बाजूंनी तपासणी करा.

खडूची परीक्षा: रबराच्या माथ्यावर खडू घासा, डिकी बंद करून उघडा. समोरच्या पत्र्यावर जिथे खडूची रेघ उमटली नाही, तिथे झाकण टेकत नाही.

बॅटरीची परीक्षा: रात्री डिकीत पेटता टॉर्च ठेवून झाकण लावा आणि बाहेरून कडेने प्रकाश दिसतो का ते पाहा.

पाहण्यासाठी कोणाला, विशेषतः मुलाला, डिकीत बसवू नका. जुन्या गाडीची डिकी आतून उघडत नाही.

आमच्या गाडीत या परीक्षांत दोन्ही मागचे कोपरे आणि कुलपाची बाजू नापास झाली. सायलेन्सरचा एक जोडही गळत होता. तो आधी दुरुस्त करून घेतला. रबर बदलून गळका सायलेन्सर झाकता येत नाही.

रबर कसे निवडावे?

मोटारीचे जुने सामान विकणाऱ्या दुकानात रबर फुटावर मिळते. जाताना जुन्या रबराचा चांगल्या जागचा दोन बोटे लांब तुकडा कापून न्या. लांबीपेक्षा आकार महत्त्वाचा. छेदाची उंची, रुंदी आणि पोकळी जुन्यासारखी हवी. रबर जाड घेतले तर डिकी लागत नाही, पातळ घेतले तर फट राहते.

लांबी मोजायला सुतळी घ्या. चौकटीभोवती फिरवून मोजा आणि वीतभर अधिक घ्या. आमच्या डिकीला साडेबारा फूट लागले, आम्ही तेरा घेतले.

दुकानात ईपीडीएम जातीचे रबर मागा. या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीला ओझोनचा उपद्रव होत नाही, त्यामुळे ते ऊन-पावसात नैसर्गिक रबरापेक्षा पुष्कळ अधिक टिकते. अंगठ्याने दाबून सोडा; लगेच पूर्ववत झाले पाहिजे. काही रबरांच्या आत लोखंडी पट्टी असते आणि ते पत्र्याच्या कडेवर नुसते दाबून बसते, काही मात्र चिकटवावे लागते. जुने ज्या प्रकारचे, तेच घ्या.

काम कसे करावे?

हे काम दोन रविवारांचे समजा. एका दिवसात उरकण्याच्या घाईत बहुतेकांचे बिघडते.

पहिल्या रविवारी जुने रबर काढा. त्याआधी जोड कुठे आहे, कुठली बाजू वर आहे याचा फोटो काढून ठेवा. रबर हळूहळू ओढा. उरलेला चिकट थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पेचकस वापरला तर रंगावर ओरखडे पडतात आणि तिथूनच पुन्हा गंज धरतो. सुटत नसेल तर रंगाच्या दुकानात मिळणारे टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन पुसा. पेट्रोल मुळीच वापरू नका आणि जवळपास विडी-काडी नको.

खाली गंज दिसला तर पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, रेड ऑक्साइडचा हात द्या आणि वरून रंग लावा. रंग पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर चिकटवलेले रबर रंगासकट निघून येते. आमच्याकडे मधला आठवडा डिकी मेणकापडाखाली होती.

दुसऱ्या रविवारी आधी डिंक न लावता रबर चौकटीत बसवून पाहा. जागोजागी कागदी चिकटपट्टी लावा. इथे सासूबाईंचा शिवणकामाचा हात कामी आला. त्या म्हणाल्या, "हे तर गळ्याला पायपिंग लावण्यासारखे आहे. ओढून लावले की कोपऱ्यात आवळणारच." अगदी खरे! रबर ताणून लावले की काही दिवसांनी ते आखडते, जोड उघडतो आणि कोपरे उचलले जातात. उलट कोपऱ्यात किंचित सैल सोडून, आत ढकलत बसवावे.

जोड शक्यतो जुना होता तिथेच, सरळ भागात ठेवा. कोपऱ्यात कधीही नको. शेवटचे टोक साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या धारदार ब्लेडने काटकोनात कापा आणि गरजेपेक्षा पाच-सहा मिलिमीटर लांब ठेवा, म्हणजे दोन्ही टोके एकमेकांना दाबून बसतात.

आता चिकटवणे. चामडे आणि रबर जोडण्याचा डिंक मिळतो, त्याचा पातळ थर पत्र्यावर आणि रबरावर, दोन्हीकडे लावा. डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. बोटाला चिकटचिकट लागेल पण तार येणार नाही अशा वेळी दाबा. एका वेळी फूटभरच काम करा. हा डिंक उघड्या हवेतच वापरा, त्याची वाफ डोक्यात जाते. मुलांना दूर ठेवा.

पूर्ण वाळेपर्यंत डिकी उघडीच राहू द्या. मग रबराच्या माथ्यावर थोडी टाल्कम पावडर लावून झाकण अलगद लावा. नवे रबर कडक असते, पहिले काही दिवस थोडा जोर लागेल. आपटू नका. आठवड्यानंतरही झाकण नीट लागत नसेल तर कुलपाचा खालचा अडकवा मेकॅनिककडून किंचित सरकवून घ्या. शेवटी पुन्हा खडूची आणि कागदाची परीक्षा घ्या, आणि मगच बादलीने पाणी ओतून पाहा.

नंतरची निगा

महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने रबरावरची धूळ पुसा. चौकटीच्या पन्हळीतील पाला-माती काढा, म्हणजे पाणी वाहून जाईल. रबराला ग्रीस किंवा इंजिनचे तेल कधीही लावू नका. त्याने ते फुगते आणि मऊ पडते. पावसाळ्यापूर्वी थोडे ग्लिसरीन चोळले तर पुरे. गाडी शक्यतो सावलीत ठेवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा तपासणीची वाट न पाहता गाडीची निगा राखणे केव्हाही स्वस्त.

आमचा सगळा खर्च, सायलेन्सर सोडून, हजार रुपयांच्या आत झाला. आपण हवापाण्यासाठी गाडीचा विमा उतरवतो, महागडी सीट कव्हरे घालतो, आरशाला नवी माळ लावतो. पण मागे बसलेले माणूस कसला श्वास घेते आहे, हे बघत नाही. "तिला गाडी लागते" म्हणून आम्ही सगळे मोकळे झालो होतो. त्या माउलीची तक्रार खरी होती, आमचे निदानच चुकीचे होते.

पुढच्या महिन्यात भंडाऱ्याला सासूबाईंच्या भाच्याचे लग्न होते. त्या मागच्या सीटवर बसल्या. हातात सवयीने लिंबू होते. राजनांदगाव गेले, देवरी गेले. साकोलीला चहासाठी थांबलो तेव्हा सासऱ्यांनी वळून विचारले, "कसे वाटते आहे?"

"भूक लागली आहे," त्या म्हणाल्या.

गाडी विकण्याचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघालेला नाही.