सुदानमधील झार : अंगात येणाऱ्या खवाज्यांची कैफियत

अंगात येण्याचा प्रकार आपल्याच खेड्यापाड्यांतील देवळांपुरता आहे, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी एरिका बूर्गिन्याँ या मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९७३ साली प्रसिद्ध केलेले संशोधन अवश्य पाहावे. जगातील ४८८ समाजांची माहिती तपासता, परकी शक्ती मनुष्यदेहाचा कबजा घेते ही श्रद्धा त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश समाजांत तिला आढळली. एवढी सार्वत्रिक गोष्ट अज्ञानाच्या सदरी टाकून मोकळे होणे मला शास्त्रीय वृत्तीस शोभणारे वाटत नाही.

उत्तर सुदानमधील ‘झार’ हे या श्रद्धेचे विलक्षण रूप होय. वंध्यत्व, गर्भपात, अन्नावरची वासना उडणे, मनाला ग्रासणारी उदासी यांनी जी स्त्री खंगते, तिला कोणत्या झाराने धरले आहे, याची परीक्षा ‘शेखा’ म्हणून ओळखली जाणारी जाणती बाई धूप घालून, ढोलांचे निरनिराळे ताल धरून करते. या झारांत हबशी आहेत, तुर्की अमदानीतले पाशा आहेत, आणि खवाजे, म्हणजे गोरे परकीयही, आहेत. खवाज्याला बाटलीतले पेय, बिस्किटे आणि सिगारेट लागते, आणि एरवी मान खाली घालून वावरणारी गृहिणी त्याच्या आवेशात ताठ मानेने, हुकूम सोडीत चालू लागते. मागितलेले अत्तर, वस्त्र वा दागिना पतीला आणून द्यावाच लागतो, कारण मागणारी ती नसून झार असतो! झाराला हाकलीत नाहीत. त्याच्याशी जन्मभराचा करार होतो.

मानवशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९७१ मध्ये यास दुर्बलांचे शस्त्र मानले. १९७६-७७ मध्ये तेथील एका खेड्यात राहिलेल्या संशोधक जॅनिस बॉडी यांना मात्र, परक्याच्या भूमिकेत शिरून ती स्त्री स्वतःचे जिणे बाहेरून न्याहाळते, हे अधिक महत्त्वाचे वाटले. आणि त्यांचेच म्हणणे मला खोल वाटते.

मानसशास्त्र यास जाणिवेचे विघटन म्हणते. मनाची एरवीची एकसंधता सैल होते, आणि बालपणापासून पाहिलेल्या सोहळ्यांतून आत्मसात झालेले रूप त्या मोकळ्या जागी उभे राहते; म्हणूनच सुदानी स्त्रीच्या अंगात पाशा येतो, खंडोबा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्तीही, समाजमान्य विधीतील आवेशास व्याधी न मानता, नकोशा आणि जगणे विस्कटून टाकणाऱ्या आवेशासच व्याधी ठरवते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही भूत उतरवण्याच्या मिषाने दोरखंडाने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, हे गुन्हे ठरवले आहेत.