एका वर्षाचे घर

पंधरा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने आपले घर, शाळा आणि भाषा काही काळ मागे ठेवून परक्या देशातील एखाद्या कुटुंबात त्या घरचे मूल म्हणून राहणे आणि तेथील शाळेत जाणे, या व्यवस्थेला विद्यार्थी-विनिमय असे म्हणतात. बोलण्यात ‘एक्स्चेंज’ हाच शब्द रुळला आहे आणि विद्यार्थ्याला सामावून घेणाऱ्या यजमान कुटुंबाला ‘होस्ट फॅमिली’ म्हटले जाते. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारा तरुण पदवी घेऊन परततो आणि पर्यटक स्थळे पाहून परततो. विनिमयाच्या विद्यार्थ्याला मात्र एक घर आतून समजून घ्यायचे असते. लष्करी छावणी, १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आणि त्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती अशी ओळख असलेल्या पुण्याच्या खडकीत या उपक्रमाचा विचार करताना ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते, कारण ज्या इतिहासातून ही कल्पना जन्माला आली, त्याच्या खुणा खडकीच्या मातीतही आहेत.

पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, खडकीत मुख्यालय असलेल्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्स या दलाच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या फ्रान्सच्या आघाडीवर गेल्या. सॅपर म्हणजे खंदक खणणारा, पूल बांधणारा आणि सुरुंग लावणारा सैनिक; परंतु २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह शापेल या गावी या सैनिकांना पायदळाप्रमाणे समोरासमोर लढावे लागले आणि त्यांची फार मोठी हानी झाली. त्या गावी १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांचे स्मरण केलेले आहे. इकडे खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रकुल सैनिकांची १,६६८ थडगी आहेत आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मृत्यू पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचे स्मारकही तेथेच आहे. खडकीहून गेलेले तरुण युरोपच्या भूमीत राहिले आणि तिकडून आलेले तरुण खडकीत कायमचे विसावले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील तरुणांची ही देवाणघेवाण युद्धाने घडवून आणलेली होती.

आजच्या विनिमयाची एक मोठी शाखा याच युद्धभूमीवर उगवली. अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, १९१५ मध्ये, फ्रान्समधील जखमी सैनिकांना रुग्णालयात पोहोचविण्यासाठी अमेरिकी स्वयंसेवकांनी रुग्णवाहिकांचे एक पथक उभे केले. अमेरिकन फील्ड सर्व्हिस, अर्थात एएफएस, हे त्याचे नाव. दुसऱ्या महायुद्धात हे चालक पुन्हा निघाले आणि त्यांच्यापैकी काहींनी भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही काम केले. दोन महायुद्धांतील जखमी तरुण वाहून नेल्यावर, ज्यांना शत्रू म्हणून मारायला सांगितले जाते त्यांच्या घरी कोवळ्या वयातच जेवायला बसण्याची संधी मिळावी, या विचाराने त्यांनी १९४७ मध्ये दहा देशांतील ५२ शाळकरी विद्यार्थ्यांना अमेरिकेत आणले. त्याआधी, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, युरोपातील काही रोटरी क्लबांनीही मुलांची अशी अदलाबदल सुरू केली होती आणि पुढे तिला जगभर पसरलेल्या नियमबद्ध उपक्रमाचे रूप आले. पुण्याचे रोटरी क्लब रोटरीच्या रचनेतील ज्या ३१३१ क्रमांकाच्या ‘जिल्ह्यात’, म्हणजे विभागात, मोडतात, तो पुणे आणि रायगड यांचा मिळून बनलेला आहे.

परक्या घरी राहून शिकण्याची कल्पना मराठी समाजाला नवी नाही. शिक्षणासाठी पुण्यात आलेला गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवत असे, म्हणजे आठवड्यातील एकेका वाराचे त्याचे जेवण एकेका कुटुंबाने पत्करलेले असे. ही रीत जातीच्या चौकटीत अडकलेली होती आणि तिच्यात उपकाराचे ओझेही होते. तरीही शिकणाऱ्या मुलाचा भार अनेक घरांनी वाटून घ्यावा, हे तिचे सूत्र होते आणि वर्षभरात विद्यार्थ्याला एकाहून अधिक यजमान घरे देणाऱ्या रोटरीच्या पद्धतीशी ते जुळणारे आहे.

याहूनही जवळचे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे आहे. १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, वैद्यकीय शिक्षणासाठी एकट्या अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई प्रथम न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. दोघींची ओळख आधीच्या पत्रव्यवहारातून झालेली होती आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. साडी आणि शाकाहार न सोडता त्या घरातील एक झालेल्या आनंदीबाईंना मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनस्थळी त्यांना जागा मिळाली. यजमान घर आणि पाहुणी यांचे नाते कोठवर जाऊ शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा मराठी इतिहासात क्वचितच सापडेल.

आजच्या दीर्घकालीन विनिमयाची मुदत साधारणपणे एका शैक्षणिक वर्षाची असते. रोटरीच्या योजनेत विमानप्रवास, विमा आणि व्हिसा यांचा खर्च विद्यार्थ्याचे पालक करतात. राहणे आणि जेवणखाण यजमान कुटुंब पुरविते, आणि दरमहा थोडा हातखर्च यजमान क्लबकडून मिळतो. विद्यार्थ्याने वाहन चालवायचे नाही, मद्य आणि अमली पदार्थ यांपासून दूर राहायचे आणि प्रेमप्रकरणात गुंतायचे नाही, असे कडक नियम असतात. घरात अडचण आली तर बोलण्यासाठी यजमान कुटुंबाबाहेरची एक व्यक्ती समुपदेशक म्हणून नेमलेली असते. पाठविणाऱ्या पालकांनी ही सुरक्षेची बाजू नीट विचारून घेणे आवश्यक आहे. त्याचबरोबर परतल्यावर अनेकांना शिक्षण जेथे सोडले तेथूनच पुन्हा सुरू करावे लागते, हेही दहावी-बारावीच्या धबडग्यातील कुटुंबाने आधीच मान्य केलेले बरे.

वर्षभर जाणे शक्य नसलेल्यांसाठी दोन-तीन आठवड्यांचे शालेय विनिमय असतात. पुण्याला त्यासाठी जर्मनी जवळची वाटते, कारण रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्समुल्लर भवन यांच्यामुळे येथे जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. ब्रेमेन या जर्मन शहराशी पुण्याचे असलेले मैत्र खडकीपासून जवळच असलेल्या औंधच्या ब्रेमेन चौकाच्या नावात टिकून आहे. जर्मन परराष्ट्र खात्याने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘पाश’ या उपक्रमातून जगभरातील सुमारे २,००० शाळा जर्मन भाषेशी जोडल्या गेल्या असून त्यांतील निवडक विद्यार्थ्यांना जर्मनीतील युवा-वर्गांसाठी शिष्यवृत्ती मिळते.

या साऱ्या व्यवस्थेचा खरा अर्थ यजमान घराच्या उंबरठ्याच्या आत कळतो. पहिली अडचण संबोधनाची असते. मराठी मुलाला आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे वाटते, तर जर्मन किंवा डॅनिश घरात तीच रीत आपलेपणाची असते. जर्मनमध्ये मराठीतील अरे-तुरे आणि अहो-जाहो यांसारखा ‘डू’ आणि ‘झी’ असा भेद आहे, परंतु घरात ‘डू’च चालते, आणि डेन्मार्कमध्ये तर शिक्षकांनाही पहिल्या नावानेच बोलावतात. मान शब्दात असतो की वागण्यात, हा प्रश्न विद्यार्थ्याला अशा प्रकारे पहिल्याच दिवशी भेटतो.

दुसरी शाळा स्वयंपाकघरात भरते. अनेक जर्मन घरांत रात्रीचे जेवण म्हणजे पाव, लोणी, चीज आणि काकडी-टोमॅटो असे थंड खाणे असते. त्याचे नावच ‘संध्याकाळचा पाव’ या अर्थाचे आहे. गरम पोळी-भाजीची सवय असलेल्या मुलाला ते अपुरे वाटते, पण त्या वेळी सारे कुटुंब एका टेबलाशी बसून दिवसभराचे बोलते आणि तेच त्या जेवणाचे खरे मोल असते. जेवल्यावर ताट उचलणे, भांडी यंत्रात लावणे आणि आपल्या खोलीची स्वच्छता ही मुलगा-मुलगी असा भेद न करता प्रत्येकाची कामे असतात. कागद, प्लास्टिक, ओला कचरा यांचे डबे वेगळे असतात, आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतलेली असल्यामुळे रिकामी बाटली दुकानातील यंत्रात परत करून ती रक्कम मिळवायची असते. रविवारी दुकाने बंद असतात आणि गवत कापण्याचे यंत्र किंवा ड्रिल चालवून शेजाऱ्यांची शांतता मोडायची नसते. ढोल-ताशा आणि रेल्वेचा आवाज यांत वाढलेल्या मुलाला ही शांतता आरंभी एकाकी वाटते.

हा एकाकीपणा हिवाळ्यात वाढतो. डिसेंबरमध्ये उत्तर जर्मनीत दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्या वेळी भारतात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि फोनवर घरच्या जेवणाचे आवाज ऐकू येत असतात. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे ल्युसगोर यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास करून असे दाखविले की परदेशातील जुळवून घेण्याची वाट सरळ चढत जात नाही. आरंभी उत्साह असतो, मग मन खाली घसरते आणि नंतर ते सावकाश वर येते. ही घसरण म्हणजे अपयश नव्हे, हे विद्यार्थ्याला आणि त्याच्या आईवडिलांना आधी माहीत असेल तर ‘परत ये’ असे म्हणण्याची घाई होत नाही. याच दिवसांत यजमान घरही जवळ येते. ५ डिसेंबरच्या रात्री दाराशी स्वच्छ बूट ठेवले की सकाळी संत निकोलसच्या नावाने त्यांत खाऊ मिळतो, आणि घरच्या मुलांच्या बुटांशेजारी आपलेही बूट भरलेले दिसले की विद्यार्थ्याला त्या घरातील आपली जागा कळते.

प्रवास हा या वर्षाचा दुसरा भाग होय. लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या गावी १४ जून १९८५ रोजी झालेल्या करारातून युरोपातील अंतर्गत सीमांवरील तपासणी हटविण्याची वाट खुली झाली आणि आज त्या क्षेत्रात २९ देश आहेत. एका देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा निवास परवाना असलेला विद्यार्थी या क्षेत्रातील इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरू शकतो. रोटरीच्या अनेक युरोपीय जिल्ह्यांत विनिमयाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युरोटूर’ नावाची बससहल काढली जाते, आणि त्या बसमध्ये ब्राझील, जपान, मेक्सिको असे निरनिराळे देश शेजारी बसलेले असतात. तथापि या प्रवासाची गोडी यजमान घरामुळे वाढते. ज्या मुलाने जर्मन घरातील आजीकडून युद्धानंतरच्या टंचाईचे दिवस ऐकलेले असतात, त्याला जर्मनी आणि फ्रान्स यांच्यामधील सीमा ओलांडताना खिडकीतून दिसणाऱ्या साध्या शेतांचाही अर्थ लागतो. सहलीहून परतताना त्याच्या तोंडी ‘घरी जातो’ असे शब्द येतात आणि ते घर खडकीतले नसते.

विनिमय या शब्दात परतफेड अभिप्रेत आहे. जाणाऱ्या मुलाइतकाच येणारा मुलगा महत्त्वाचा असतो, आणि या बाबतीत अनेक कुटुंबे आपले घर लहान आहे या संकोचाने मागे राहतात. वास्तविक यजमान घराकडून मोठ्या बंगल्याची अपेक्षा नसते. घरच्यांची पार्श्वभूमी तपासली जाते, घराला भेट दिली जाते आणि विद्यार्थ्याला स्वतःचा पलंग असावा लागतो. त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या यजमान भावंडासोबत खोली वाटून घेतली तरी चालते. या कसोटीला खडकी बाजारातील दोन खोल्यांचे घर किंवा कारखान्याच्या वसाहतीतील क्वार्टरही उतरू शकते. आनंदीबाईंना मावशी मिळाली ती पत्राला उत्तर देणाऱ्या एका गृहिणीमुळे, आणि वार लावणाऱ्या विद्यार्थ्याला जेवण मिळाले ते स्वतःच्या ताटाशेजारी आणखी एक ताट मांडणाऱ्या घरांमुळे. दोन महायुद्धांच्या काळात खडकी आणि युरोप यांनी एकमेकांचे तरुण दफनभूमीत सांभाळले. आता ते एकमेकांच्या घरात सांभाळता येतात, आणि त्यासाठी खडकीने एक जास्तीचा पलंग टाकला तरी पुरेसे आहे.