हमरस्ता झाला, फाट्यांचे काय?

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला येऊन पोचली आणि इथला कापूस थेट मुंबईच्या गोदीकडे निघाला. परंतु शेतातला कापूस हमरस्त्यापर्यंत आणायचा तर फाटे लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे धावू लागलेली अरुंद रुळांची ‘शकुंतला’ हा असाच एक फाटा. ती बांधणाऱ्या गोऱ्या कंपनीला विदर्भाच्या कल्याणाची चिंता नव्हती. पण तिचा हिशेब पक्का होता. फाट्यांवाचून हमरस्ता पोसला जात नाही, हे तिला नेमके कळले होते.

हा जुना हिशेब आज आठवण्याचे कारण म्हणजे काचेची नवी वाट. केसाहून जेमतेम जाड असा काचेचा धागा, आणि त्यातून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावणारा प्रकाश! नागपूरहून निघालेला संदेश सेकंदाच्या काही हजारांश भागात मुंबई गाठतो. या धाग्यांवर देशातील विद्यापीठे, संशोधनसंस्था, वैद्यकीय आणि कृषी संस्था एकमेकींना जोडण्याचा जो प्रकल्प उभा राहिला, त्याचे नाव ‘नॅशनल नॉलेज नेटवर्क’, म्हणजेच राष्ट्रीय ज्ञानजाळे.

त्याचे मूळ मात्र १९८६ इतके मागे जाते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ सुरू केले. मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि खुद्द ते खाते असे आठ भागीदार होते. आपल्यापर्यंत इंटरनेट पोचले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ही मंडळी त्याआधीच परस्परांना संगणकावरून पत्रे धाडत होती. वेग किती? सेकंदाला ९६०० बिट. एका सीडीतला ६५० मेगाबाइटचा ऐवज त्या वेगाने पाठवायचा तर सहा दिवसांहून अधिक काळ लागला असता. आज सेकंदाला एक गिगाबिटच्या जोडणीवर त्याला पाच सेकंद पुरतात.

मधल्या काळात बरेच घडले. २००५ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखाली ज्ञान आयोग नेमला गेला आणि त्याने अशा जाळ्याची शिफारस केली. सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार आर. चिदंबरम यांनी ती कल्पना नेटाने पुढे नेली. ९ एप्रिल २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते आरंभीच्या टप्प्याचे उद्घाटन झाले. मार्च २०१० मध्ये केंद्राने सुमारे १५०० संस्थांसाठी, दहा वर्षांच्या मुदतीचा ५,९९० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. सगळी जमीन नव्याने खणावी लागली नाही. बीएसएनएल, रेल्वेची रेलटेल, पॉवरग्रिड यांच्या तारा आधीच पसरलेल्या होत्या. त्यांच्यावरच हे जाळे विणले गेले.

बाजारातले इंटरनेट असताना हा वेगळा संसार कशाला, असे कोणी विचारील. बाजारातल्या वाटेवर गर्दी असते. एकच वाट अनेकांना विकलेली असते, हे गृहीत धरूनच तिचा भाव ठरतो. संशोधकाचे काम निराळे. त्याला महिनाभर काही नको असते आणि एके दिवशी प्रचंड माहिती एका दमात हलवायची असते. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतील कणांच्या टकरींची माहिती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तपासली जाते, ती अशा राखीव वाटांमुळे. ब्रिटनने १९८४ मध्ये ‘जॅनेट’ उभारले, तेही याच कारणाने.

नागपूरला तर याची गरज अधिक. पर्यावरणाचा अभ्यास करणारी ‘नीरी’ इथे १९५८ पासून आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि देशभरच्या मातीचे नकाशे करणारी मृदा सर्वेक्षण संस्था इथेच आहेत. व्हीएनआयटी आहे, १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. कापसाच्या वाणाची जनुके असोत की मातीचे उपग्रहीय नकाशे, हा सारा माहितीचा डोंगरच. तो इथून हलवता आला, तर इथला संशोधक दिल्लीच्या संशोधकाच्या बरोबरीने बसतो.

हमरस्त्याविषयी एवढे समाधान मानायला हरकत नाही. पण फाट्यांचे काय?

२००९ च्या सुमारास केंद्राने दुसरी मोहीम काढली. विद्यापीठांना एक गिगाबिट आणि संलग्न महाविद्यालयांना त्याच्या शंभराव्या भागाइतकी, सेकंदाला दहा मेगाबिटची जोडणी द्यायची, असे ठरले. म्हणजे कागदावरच फाटा अरुंद! २०२० च्या टाळेबंदीने तर आणखी एक गोष्ट उघड केली. जाळे विद्यापीठाच्या कुंपणाशी थांबते. विद्यार्थी गडचिरोलीतल्या किंवा गोंदियातल्या आपल्या गावी असतो, हातात मोबाइल घेऊन ‘रेंज’ शोधत.

आता या वाटेवरून मालही येऊ लागला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये आणि जवळपास तेरा हजार संशोधन नियतकालिके. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु तिची सुरुवात झाली ती केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांपासून. विदर्भातील बहुतेक महाविद्यालये तर खाजगी शिक्षणसंस्थांची. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीने कापसावरचा ताजा निबंध वाचायचा तो कुठे?

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला यात नवे काही वाटत नाही. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणाआधीही बँका होत्या, त्यांची टोलेजंग मुख्यालये होती. पण त्यांचे मोल सामान्यांना कळले ते तालुक्याला शाखा निघाल्यावर. शाखेचा हिशेब दरवर्षी तपासला जातो. खाती किती, ठेवी किती, कर्ज कोणाला दिले, हे लिहून ठेवावे लागते. ज्ञानजाळ्याचाही असाच ताळेबंद हवा. नागपूर आणि गोंडवाना या दोन्ही विद्यापीठांनी आपल्या प्रत्येक महाविद्यालयाला किती वेगाची जोडणी आहे, ती वर्षातून किती दिवस बंद पडली, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी किती निबंध उघडून वाचले, हे तीन आकडे दरवर्षी छापावेत. खर्च फारसा नाही. कोणत्या गावी फाटा तुटला आहे, हे त्यातून आपोआप कळेल, आणि मग तो जोडून देण्याची मागणी कोणाकडे करायची, तेही.