खाडीने वसवलेली गावं

मुंबई पहिल्यांदा पाहायला आलेला पाहुणा सीएसएमटीच्या इंडिकेटरवर ठाणे, डोंबिवली, कल्याण ही नावं वाचतो आणि पुढे जातो. या गाड्या कामावरून घरी जाणाऱ्यांच्या, आपलं तिथे काय काम, असं त्याला वाटतं. गेटवे, राणीची बाग, चौपाटी, संपली मुंबई. माझं आग्रहाचं सांगणं आहे की मुंबईसाठी काढलेल्या दिवसांतला एक दिवस या गावांना द्या. मुंबई सात बेटांवर विखुरलेली कोळ्यांची वस्ती होती, तेव्हा कल्याणचं नाव थेट इजिप्तच्या बंदरांपर्यंत पोचलेलं होतं.

पुरावा पहिल्या शतकातला आहे. ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ते पुस्तक ओळखलं जातं. त्यात ‘कल्लिएना’ येतं, ते आपलं कल्याण. तो सांगतो की पूर्वी इथे रीतसर व्यापार चाले, पण आता सत्ता बदलली आहे आणि चुकून इकडे आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. याचा अर्थ असा की दोन हजार वर्षांपूर्वी या बंदराच्या उत्पन्नावरून राजे एकमेकांशी भांडत होते! कान्हेरीच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांतही कल्याणचे रहिवासी भेटतात.

पण कल्याणला समुद्र कुठे आहे? नाही, आणि तिथेच खरी मौज आहे. सह्याद्रीतून उतरलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथून पुढे तिची खाडी होते. समुद्रापासून चाळीसेक किलोमीटर आत असूनही भरतीचं पाणी इथवर चढतं. शिडाचं गलबत भरतीबरोबर आत यायचं, माल उतरवायचा, ओहोटीबरोबर बाहेर पडायचं. ना वल्ह्यांचे फार कष्ट, ना उघड्या समुद्रातल्या वादळाची भीती. दुसऱ्या बाजूने जुन्नरकडचा माल नाणेघाट उतरून मुरबाडमार्गे याच काठावर यायचा. नाणेघाटातली सातवाहनांची लेणी आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथे आहेत. घाट जिथे संपतो आणि भरती जिथे पोचते, त्या दोन टोकांच्या गाठीवर कल्याण वसलं. ठाणं त्याच पाण्याच्या खालच्या वळणावर आहे. तिथे उल्हासची खाडी वसईकडे वळते आणि एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीला जाऊन मिळतो. साष्टी बेट ठरलं ते या फाट्यामुळेच.

सुरुवात ठाण्यापासून करा. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरचा प्रवास. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बाजारातून चालत जांभळी नाक्यावर आलात की समोर मासुंदा तलाव, म्हणजे ठाणेकरांची तलावपाळी. अकराव्या शतकाच्या आसपास ठाणं, तेव्हाचं स्थानक, ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती. पुढे अठराव्या शतकात इथल्या किल्ल्यात पाया खणताना त्यांचा ताम्रपट सापडला. तलावाकाठच्या कौपिनेश्वराचं आजचं देऊळ १७६०चं, पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधवलेलं. त्याच काठावर पोर्तुगीज काळातलं चर्चही उभं आहे. पलीकडे थोड्या अंतरावर किल्ला आहे, पण तो आतून पाहता येत नाही, कारण तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतलेला हा किल्ला पुरा होण्याआधीच १७३७मध्ये मराठ्यांनी जिंकला. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. भिंतीबाहेर क्षणभर थांबा, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

आता पोटपूजा. ठाण्यात पहिल्यांदा आलेल्या माणसाने मामलेदारची मिसळ खायची, यावर दुमत नाही. मामलेदार कचेरीजवळची म्हणून मामलेदार मिसळ. पहिल्याच खेपेला ‘तिखट’ मागू नका, ‘मध्यम’ सांगा. प्लेट समोर आली की खाण्याआधी ती नीट बघा. फरसाण अजून कुरकुरीत आहे, रस्सा खालून वर चढतोय आणि वर लालभडक तर्री तरंगतेय. सगळी करामत त्या तर्रीत आहे. मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र झकास विरघळतो. म्हणून फोडणीचं तेल जसं वर येतं, तसा तिखटपणाही त्याच्याबरोबर वर येऊन बसतो. घास घेतल्यावर कानशिलं तापतात, पण जिभेवर खरं भाजलेलं काहीच नसतं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखून मेंदूला खबर देणारं एक प्रथिन आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर असतं, आणि कॅप्सेसिन नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. मेंदूला वाटतं, चटका बसला. मिरचीचाच धागा पकडून डेव्हिड ज्युलियस यांनी हे प्रथिन शोधलं आणि २०२१च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये ते मानकरी ठरले. म्हणून मिसळ झोंबली तर पाण्याचा ग्लास रिकामा करून उपयोग नाही, ताक मागवा. ताकातलं केसीन कॅप्सेसिनला ओढून घेतं आणि जीभ शांत होते.

आणखी एक गोष्ट खाताखाता मनात येऊ द्या. मिरची मूळची अमेरिकेतली, आपल्या किनाऱ्यावर ती पोर्तुगीज जहाजांतून आली. बटाटाही अमेरिकेचाच. पाव भाजण्याची रीतसुद्धा पोर्तुगीजांनीच इकडे आणली. ज्या बंदरावर दोनेकशे वर्षं पोर्तुगीजांचा अंमल होता, तिथे बसून तुम्ही मिसळ-पाव खाताय. तलावाकाठच्या चर्चइतकीच ही प्लेटही त्या काळाची खूण आहे, आणि ती रोज नव्याने उकळते याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढचा प्रवास स्लो लोकलने करा आणि डावीकडची खिडकी धरा. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून १ मे १८५४ला गाडी कल्याणला पोचली, ती याच अंगाने. मेल-एक्सप्रेस गाड्या पारसिकच्या डोंगरातून १९१६ सालच्या, सव्वा किलोमीटरहून लांब बोगद्यातून जातात. स्लो लोकल मात्र डोंगराला वळसा घालते. मुंब्र्याला उजव्या हाताला अंगावर येणारा कडा, डाव्या हाताला खाडी आणि तिवरं. गलबतांची वाट आणि आगगाडीची वाट इथे शेजारी शेजारी चालतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघालात तर आणखी मजा. भरतीला काठोकाठ पाणी दिसतं, ओहोटीला नुसता चिखल आणि त्यात चोच खुपसून उभे बगळे.

डोंबिवलीला तासभर पुरे. पूर्वेला उतरून फडके रोडने गणेश मंदिरापर्यंत जा. दिवाळीच्या पहाटे नव्या कपड्यांत अख्खं गाव याच रस्त्यावर एकमेकांना भेटायला लोटतं. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९मध्ये इथूनच सुरू झाली आणि मग गिरगाव-ठाण्यापासून सगळीकडे पसरली. खायला हॉटेल शोधू नका, पोळीभाजी केंद्र शोधा. संध्याकाळी गाडीतून उतरलेला नोकरदार माणूस इथून मोजून पोळ्या, भाजी, आमटी घेऊन घरी जातो, सणाला पुरणपोळ्या आणि उकडीचे मोदकही. पाहुण्याला घरगुती मराठी जेवण एवढ्या सहजपणे दुसऱ्या कुठल्या गावात मिळत असेल असं मला वाटत नाही.

कल्याणला खिडकी वडा खा. घराच्या खिडकीतून विकायला लागलेला बटाटावडा, म्हणून हे नाव. कागदात बांधलेला गरम वडा हातात घेऊनच रिक्षाने खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्यावर जा. ऑक्टोबर १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि लवकरच या खाडीत स्वराज्याची जहाजं बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. आरमाराची सुरुवात खुल्या समुद्रावर न होता इतकी आत का झाली, हे किल्ल्यावरून खाली पाहिलं की लगेच समजतं. इथे जंगलातलं लाकूड जवळ, पाणी शांत आणि शत्रूची लढाऊ गलबतं लांब. गावात १८६४पासून सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ला, कल्याणात आनंदीबाई जोशी जन्मल्या. १८८६मध्ये त्या अमेरिकेतून डॉक्टर झाल्या. कल्याण स्टेशनपासून एक फाटा कसाऱ्याकडे जातो, एक कर्जतकडे. थळघाट आणि बोरघाट. इंग्रज इंजिनियरांनी घाट चढायला रूळ टाकले ते बैलांच्या तांड्यांनी निवडलेल्या घाटांतूनच.

दिवस उरला असेल तर कर्जत लाइनवर अंबरनाथला उतरा. वालधुनीकाठचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे १०६०चं. शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणीचं नाव आहे. ठाण्याच्या राजधानीत बंदरांच्या बळावर श्रीमंत झालेल्या घराण्याने काळ्या पाषाणात केलेलं हे काम आहे. बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा कोरीवकामावाचून सुटलेली नाही. पण पाहायचा तो गाभारा. मंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं, आत काळोख असेल असं वाटतं, आणि वरून उजेड येतो, कारण शिखर माथ्यावर उघडं आहे. पावसाळ्यात पाऊस थेट पिंडीवर पडतो. देवळात आजही पूजा चालते आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. त्या दिवशी दर्शन होईल, शिल्पं दिसणार नाहीत. शिल्पं पाहायची असतील तर एरवीच्या दिवशी, दुपारी उन्हं कलायच्या सुमारास जा.