मे महिना, मुंबईकर आणि विहिरीतली उडी

आळेफाट्याच्या परिसरात एखादं जुनं घर पाडायला काढलं, की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. खाली येता येता तिची वाटणी होते. दागिने, कागदपत्रं, सातबाऱ्याचे उतारे एकीकडे, भांडी दुसरीकडे, आणि उरलेलं रद्दीत. या उरलेल्यातच बऱ्याचदा काळ्या पानांचा अल्बम असतो. लग्नाचे, बारशाचे, रंगवलेल्या पडद्यासमोर ताठ बसून काढलेले फोटो त्यात हमखास सापडतात. पण ओल्या अंगाने, चड्डीवर, हसत उभ्या असलेल्या माणसांचा फोटो निघाला, तर तो एखादाच. जुन्या फोटोंचे संग्राहक नेमका तोच शोधत असतात.

पोहण्याच्या कपड्यांतले घरगुती फोटो जमवणं हा परदेशात मुरलेला छंद आहे. कोडॅकने १८८८मध्ये हातात धरून वापरता येणारा कॅमेरा आणला आणि १९००मध्ये एका डॉलरचा ब्राउनी. त्यानंतर सुट्टी, समुद्र आणि कॅमेरा हे त्रिकूट जमलं ते जमलंच. निनावी माणसांनी काढलेले असे फोटो पुढे संग्रहालयांच्या भिंतींवर पोचले. सिएटलच्या रॉबर्ट जॅक्सन यांच्या संग्रहातल्या घरगुती फोटोंचं प्रदर्शन वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने २००७मध्ये भरवलं होतं. पोहण्याच्या फोटोंना त्यात मोठी मागणी असण्याचं कारण साधं आहे. स्टुडिओत माणूस पोज देतो, पाण्याकाठी ती विसरतो.

मग मराठी अल्बममध्ये असे फोटो इतके कमी का?

कॅमेरा कोणाकडे, पाणी कुठे?

आळेफाट्याभोवतीच्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत पाण्याची तशी वाण नव्हती. कुकडी, मीना, घोड या नद्यांचे डोह होते, बागायतीच्या विहिरी होत्या. वाळवलेला भोपळा, पांगाऱ्याचे हलके ओंडके किंवा तोंड बंद केलेला तेलाचा रिकामा डबा पाठीला बांधून पोरं पोहायला शिकत. पुढे ट्रकची ट्यूब आली. ‘पोहण्याचा पोशाख’ म्हणजे लंगोट, नाहीतर नाडीची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. वाण होती ती कॅमेऱ्याची.

कॅमेरा बहुधा मुंबईहून यायचा. या दोन्ही तालुक्यांतली कितीतरी घरं मुंबईच्या पगारावर उभी राहिली. गिरण्या, माथाडी काम, डबेवाल्यांचा धंदा यांत इथली माणसं होती. मुंबईकर गावी येणार ते गावच्या यात्रेला आणि मे महिन्याच्या सुट्टीत. पोरांनी दिवसभर विहिरीत पडून राहायचे दिवसही तेच. त्यामुळे विहिरीवरच्या जुन्या फोटोंत मुंबईचं पाहुणं पोर ओळखू येतं ते पायरीवर बसलेलं, चपला घातलेलं, केस कोरडे असलेलं म्हणून.

तरीही उडीवर फोटो खर्च करायला मन धजावत नसे. भारतात घरोघरी पोचलेल्या अॅग्फा क्लिक-थ्रीसारख्या कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल लागायचा आणि त्यावर बाराच चौकोनी फोटो निघायचे. यात्रा, पालखी, आजी, नवी सून एवढं झाल्यावर उरलं तर पोरांना एक. तोही धड येईलच असं नाही. साध्या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा तिसावा ते पन्नासावा भाग उघडं राहायचं. चार मीटर खाली आलेल्या मुलाचा वेग सेकंदाला जवळपास नऊ मीटर असतो, म्हणजे शटर मिटेपर्यंत तो वीतभर तरी सरकलेला. म्हणून अशा फोटोंत विहिरीच्या भिंतीचे दगड मोजता येतात, वर उन्हात उभे राहिलेले चेहरे ओळखता येतात आणि ज्याच्यासाठी फोटो काढला तो मुटका मारणारा गडी मात्र करडा फराटा झालेला असतो. संग्राहकाच्या लेखी फोटोची खरी किंमत याच फराट्यात आहे.

साडी हाच पोशाख

बायकांचे पाण्यातले फोटो आणखी दुर्मीळ. पाण्यात बाईने काय घालावं, हा प्रश्न सिनेमाच्या पडद्यावर फार आधी येऊन गेला होता. आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’मध्ये मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या त्या १९३८ साली. पॅरिसमध्ये लुई रेआरने बिकिनी लोकांसमोर आणली, त्याच्या आठ वर्षं आधी. १९५८च्या ‘दिल्ली का ठग’मध्ये नूतन पोहण्याच्या पोशाखात दिसली, १९६६मध्ये शर्मिला टागोर बिकिनीत ‘फिल्मफेअर’च्या मुखपृष्ठावर आल्या. तलावावरही मुली होत्या. मुंबईची डॉली नझीर १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पोहली, तिच्यासोबत कोलकात्याची आरती साहा होती. आरतीने १९५९मध्ये इंग्लिश खाडीही पार केली.

घरच्या अल्बममध्ये यातलं काही उतरलं नाही. तिथे अलिबागची किंवा जुहूची सहल दिसते. पदर खोचलेला, निऱ्या एका हाताने वर धरलेल्या, गुडघाभर पाणी आणि दुसऱ्या हाताने शेजारणीचा दंड घट्ट पकडलेला. मागे पुरुष मंडळी बनियनवर.

आपल्याला यात काही वेगळं वाटत नाही, पण बाहेरच्यांना वाटतं. डच संग्राहक एरिक केसेल्स यांनी सापडलेल्या घरगुती फोटोंची जी पुस्तकमालिका काढली, तिच्यातलं एक पुस्तक एका अमेरिकी बाईच्या फोटोंचं आहे. तिचा नवरा वर्षानुवर्षं तिला पूर्ण कपड्यांत पाण्यात उभी करून फोटो काढत राहिला. तिकडे तो पुस्तक काढण्याजोगा विक्षिप्तपणा ठरला; इकडे सहलीतल्या सगळ्याच बायका तशा.

कडा, पाठ आणि परवानगी

पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार धुंडाळणारे फोटो हातात येताच आधी उलटा करतात. मागे काळा कागद चिकटलेला असेल, तर तो अल्बममधून ओरबाडलेला. नागमोडी कडा असतील, तर बहुधा विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतला. गुळगुळीत, प्लॅस्टिकचा थर असलेला कागद सत्तरच्या आसपासचा किंवा नंतरचा. रंगीत फोटो लालसर झालेला असेल, तर त्यातला निळसर रंग अंधारात पडून पडून उडालेला असतो. चिकट पानांच्या अल्बमांनी फोटो जपण्याऐवजी खाल्लेच जास्त.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. घाटावर अंघोळ करणाऱ्या बायकांचे त्यांच्या नकळत काढलेले फोटोही जुन्या बाजारात मिळतात. घरच्या माणसाने काढलेल्या फोटोत समोरचा माणूस कॅमेऱ्याकडे बघत असतो. घाटावरच्या फोटोत तो बघत नाही. घरचा फोटो आठवण म्हणून जपण्याचा, घाटावरचा विकत घेताना हात आखडावा असा. घरच्या फोटोंतलीही माणसं हयात असू शकतात, त्यामुळे असा फोटो मोबाईलवर फिरवण्याआधी त्यांना विचारलेलं बरं.

घरगुती फोटोंना त्यांच्या गोष्टीसकट जागा देणारं ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ अनुषा यादव यांनी २०१०मध्ये सुरू केलं. तिथे फोटोसोबत हकीकतही मागतात. आळे-ओतूरकडच्या अल्बमांचं नेमकं हेच राहून जातं. पोरांची नावं मागे लिहिलेली नसतात, विहीर कोणाची तेही नाही. ती ओळखू शकणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. फोटोची पुढची आणि मागची, दोन्ही बाजू स्कॅन करून घ्याव्यात, नावं मऊ पेन्सिलीने मागे हलक्या हाताने लिहावीत आणि लिहिताना एक प्रश्न आवर्जून विचारावा: कॅमेरा कोणाच्या हातात होता? फोटोत जो दिसत नाही, त्याचं नाव सगळ्यांत आधी विसरलं जातं.