कुलपातले टपाल

गोष्ट एका डिसेंबरातली. भाचीच्या लग्नासाठी मी आदिलाबादहून नांदेडला गेलो होतो. मांडवात अक्षता वाटल्या जात असतानाच शाळेतून लिपिकाचा फोन आला. दहावीच्या परीक्षार्थींच्या यादीत एका मुलीची जन्मतारीख चुकली होती. दुरुस्ती सायंकाळपर्यंत पोहोचली पाहिजे होती. नमुना अर्ज व तिच्याविषयीचा पूर्वीचा पत्रव्यवहार शाळेच्या ई-मेलमध्ये होता.

मी निश्चिंतपणे मोबाइलवर टपाल उघडले. पाहतो तो त्या सकाळची तीन पत्रे, बाकी सारे रिकामे! वर्षभराचा पत्रव्यवहार माझ्या कार्यालयातील संगणकात होता, आणि कार्यालयाची किल्ली नांदेडात माझ्याच खिशात होती. मंगलाष्टके न ऐकताच मी निघालो. भोकर, किनवट मागे टाकीत शाळा गाठली. दिवेलागणीला दुरुस्ती रवाना झाली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दोष कोणाचा? ज्या व्यवस्थेने आमचा संगणक टपाल उतरवून घेत होता, तिचे नाव 'पॉप'. ती १९८४ सालची. त्या काळी संगणक सतत जोडलेले नसत. म्हणून टपाल एकदा घरी आणायचे आणि निवांत वाचायचे, अशी तिची रीत. 'प्रत सर्व्हरवर राहू द्यावी' अशी सूचना दिलेली नसेल, तर पत्र उतरताच मूळ जागा रिकामी होते. पाठविलेली पत्रेही सामान्यतः त्याच संगणकात राहतात.

दुसरी व्यवस्था 'आयमॅप'. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली ती रचली. तिच्यात टपाल सर्व्हरवरच राहते. कार्यालयातील संगणक, घरचा संगणक व मोबाइल हे त्याच कपाटाचे निरनिराळे दरवाजे. एकीकडे वाचलेले पत्र दुसरीकडेही वाचलेलेच दिसते. मात्र एकीकडे खोडलेले सर्वत्र खोडले जाते, हेही ध्यानात असावे.

आमच्या संगणक शिक्षकांनी हीच व्यवस्था जोडून दिली व जुनी पत्रे संगणकातून सर्व्हरवर चढविली. मोबाइल पुष्कळदा मोजक्या दिवसांचेच टपाल दाखवितो. ती मर्यादाही त्यांनी वाढविली. आता कोणत्याही ब्राउझरमधून संपूर्ण टपाल उघडते.

परंतु दरवाजे वाढले की राखणही वाढवावी लागते. संकेतशब्दासोबत मोबाइलवर येणारा दुसरा संकेतांकही आवश्यक करावा. परक्या संगणकावर काम संपताच 'साइन आउट' करावे. सोयीसाठी सरकारी टपाल खाजगी खात्यात वळवू नये. २०१५ साली अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या ई-मेल धोरणानेही अधिकृत पत्रव्यवहार सरकारी सेवेतूनच व्हावा, असे सांगितले होते.

आपल्या कित्येक घरांत आजोबांच्या पेटीत मोडी कागद असत आणि किल्ली आजोबांच्याच कमरेला. आजोबा गेले की कागद असून नसल्यासारखे. कार्यालयाचे टपाल हे तसे एका माणसाचे धन नव्हे. मी उद्या निवृत्त होईन. माझ्या खुर्चीवर येणाऱ्याला पहिल्या दिवशी सारी पत्रे सापडली पाहिजेत.

ती मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसली. भाची मात्र अजून विचारते, "मामा, माझ्या लग्नात तुम्ही होता तरी कुठे?"