खोदाईचे अनुदान, देखभालीचा दुष्काळ

पुण्यातला कॉलेजकुमार मोबाइलचा रिचार्ज मारतो, तेव्हा तो नकळत खेड्यातल्या इंटरनेटलाही हातभार लावत असतो. 2002 पासून टेलिकॉम कंपन्यांच्या हिशोबी महसुलातले 5 टक्के सार्वत्रिक सेवा दायित्व निधीसाठी कापले जातात. 2003 मध्ये तार कायद्यात दुरुस्ती होऊन या निधीला वैधानिक दर्जा मिळाला. कायद्याने ही रक्कम वर्षाअखेरीस बुडत नाही. पण ती आधी जाते भारताच्या एकत्रित निधीत, आणि संसद मंजूर करील तेवढीच बाहेर येते. जमा आणि खर्च यांच्यात हजारो कोटींचे अंतर वर्षानुवर्षे राहिले ते यामुळेच. म्हणजे निदान सुरुवातीला अडचण पैशांची नव्हती.

25 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड यांची केबल बहुतेक तालुक्यांपर्यंत होतीच. तालुका ते ग्रामपंचायत एवढा तुकडा निधीतून घालायचा. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती, खर्च 20,000 कोटी, मुदत दोन वर्षे! प्रत्यक्षात पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा पुरा व्हायला डिसेंबर 2017 उजाडले. तोवर योजनेचे बारसे पुन्हा होऊन ती ‘भारतनेट’ झाली होती.

उशिरापेक्षा मला जास्त खटकते ते मोजमाप. किती किलोमीटर केबल पडली आणि किती ग्रामपंचायती ‘सर्व्हिस रेडी’ झाल्या, हे आकडे मिरवले गेले. त्या केबलमधून आज काही वाहते का, हा प्रश्न मागे पडला. नळपाणी योजनेत टाकी बांधून फीत कापावी आणि पंपाच्या वीजबिलाची तरतूदच नसावी, तशातली गत. तालुक्याहून निघालेली फायबर पहिल्या टप्प्यात बहुतेक ठिकाणी एकेरी होती. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने ती एका जागी तोडली, की पुढची सगळी गावे बंद. जलवाहिनीचे चर, गटारांची कामे, सगळी त्याच रस्त्याच्या कडेने. खोदणाऱ्याने आधी केबलच्या मालकाला कळवावे यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप निघाले, तेही मार्च 2023 मध्ये. टोकाचे यंत्र ग्रामपंचायत कार्यालयात. कार्यालयाला कुलूप लागले किंवा बॅटरी बसली, की तेही निजले. तुटलेली केबल जोडायला तंत्रज्ञ येणार जिल्ह्याहून, आणि त्याच्या फेरीचे पैसे कोणत्या खात्यातून, यावर पत्रव्यवहार.

दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्रात ‘महानेट’ची जबाबदारी महाआयटीकडे आली आणि 12 हजारांहून अधिक ग्रामपंचायती तिच्या वाट्याला आल्या. 2021 मध्ये केंद्राने आणखी एक वाट धरली: 16 राज्यांत खासगी भागीदारी आणि तूट भरून काढायला 19,041 कोटींचे अनुदान. निविदेला प्रतिसादच मिळाला नाही. सरकारी समित्यांच्या अहवालांपेक्षा हे मौन मला बोलके वाटते. बांधणीचा भार सरकारने उचलला तरी खेड्यातल्या वर्गणीतून पुढची वर्षे निभतील, असा भरवसा कंपन्यांना नव्हता.

ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटचा 1,39,579 कोटींचा आकडा म्हणूनच नीट वाचायला हवा. त्यात दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे. 2.64 लाख ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या, म्हणजे केबल एका बाजूने तुटली तरी माहिती दुसऱ्या बाजूने फिरून येईल. घरोघरच्या जोडण्या गावातल्याच उद्योजकांमार्फत द्यायच्या. निधीचे नावही नव्या दूरसंचार कायद्याने ‘डिजिटल भारत निधी’ असे बदलले. नावाचे काय, बदलत राहते. देखभाल आधीच खर्चात धरली गेली, हे मात्र पहिल्यांदाच मनावर घेतल्यासारखे दिसते.

तरी एक कलम खुपते. ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे 3.8 लाख गावांना जोडणी मिळेल ती ‘मागणीनुसार’. गट ग्रामपंचायतीतल्या दुय्यम गावाची मागणी कोण नोंदवणार? धडगाव, अक्कलकुवा या भागांत वस्ती पाड्या-पाड्यांत विखुरलेली आहे, आणि अनुदानाचा हिशोब मात्र आधी ग्रामपंचायत आणि मग महसुली गाव असा चालतो. पाडा त्या हिशोबात बसतच नाही.